मे महिन्याची चाळीस तारीख

स्पेनच्या कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेली नसते, तरी तिथल्या आज्यांना पाठ असलेली एक तारीख आहे: ४० मे. ‘चाळीस मेपर्यंत अंगरखा उतरवू नको’ अशी तिकडची जुनी म्हण. बोटांवर मोजलं तर ही तारीख ९ जूनला पडते. आपल्याकडे तोवर मृग लागून एक-दोन दिवस झालेले असतात, आंबा उतरणीला लागलेला असतो आणि वसंताची कुणाला आठवणही राहिलेली नसते.

सांतियागोला पायी निघणाऱ्यानं ही म्हण आधी पाठ करावी आणि मग पाठपिशवी भरायला घ्यावी. फ्रान्सच्या हद्दीतल्या साँ-जाँ-पिए-द-पोर या गावातून निघणारी, पिरेनीज ओलांडून सगळा उत्तर स्पेन पूर्वेकडून पश्चिमेकडे कापत जाणारी आणि सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपाशी पोहोचणारी ‘फ्रेंच वाट’ सुमारे ७८० किलोमीटरची आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण तीनदा चालावं एवढं हे अंतर. लागतात ३० ते ३५ दिवस. संत जेम्सची समाधी या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा, आणि तिच्यासाठी हजारएक वर्षं लोक चालत आलेले. २०२४ साली सगळ्या वाटा मिळून जवळपास पाच लाख लोकांनी तिथल्या यात्रेकरू कार्यालयात यात्रा पूर्ण केल्याची नोंद केली. यातले पुष्कळ जण एप्रिल-मे हेच महिने निवडतात. उन्हाळ्यात मैदान तापतं, हिवाळ्यात घाट बंद होतात, तेव्हा वसंत बरा, असं त्यामागचं सरळ गणित.

गणित चुकीचं नाही. घोटाळा ‘वसंत’ या शब्दात आहे.

मराठी माणसाचा वसंत म्हणजे चैत्र-वैशाख: मोगरा, कैरीचं पन्हं, दुपारी ओस पडलेले रस्ते. युरोपातला वसंत म्हणजे हिवाळ्यानं घर रिकामं करायचं कबूल केलेलं असतं, पण सामान अजून ओसरीवरच असतं. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू निघतात तेही एप्रिलमध्ये, आणि त्या काव्याची सुरुवात होते ती पावसापासून. स्पॅनिशमध्येही एप्रिलच्या नावाला ‘हजार पावसां’चं यमक जोडलेलं आहे. कोवळं ऊन, फुलं, पक्षी हे सगळं तिथेही असतंच. पण त्याच दिवशी, चार तासांच्या अंतरानं, गारही पडू शकते.

या लहरीपणाची कारणं भूगोलात आहेत. अटलांटिकवरून येणाऱ्या थंड-ओल्या वाऱ्यांच्या लाटा वसंतात अजून उत्तर स्पेनवर आदळत असतात. त्याच वेळी दक्षिणेकडून आफ्रिकेची गरम हवा अधूनमधून वर सरकते. आज कोणाची सरशी, ते रोज बदलतं. त्यात वाट स्वतःच सारखी वर-खाली जाते. साँ-जाँ समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटरवर. पहिल्याच दिवशी चढून जायचं ते लेपोएदेर खिंडीत, सुमारे १,४३० मीटरवर. पुढे बुर्गोस ते लेओन हे मेसेताचं पठार ८०० मीटरच्या आसपास. त्यानंतर लेओनच्या डोंगरांत क्रूझ दे फेर्रो हा लोखंडी क्रूस १,५०० मीटरवर, आणि सांतियागो ज्या प्रांतात आहे त्या गॅलिसियाच्या दारातलं ओ सेब्रेइरो १,३०० मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश या नेहमीच्या हिशेबानं गावात १२ अंश असताना खिंडीत ४ अंश असतात. वारा धरला तर अंगाला त्याहून कितीतरी कमी जाणवतात.

म्हणूनच सगळ्यात अवघड परीक्षा पहिल्याच दिवशी असते, आणि ती देताना पाय सर्वांत कच्चे असतात. एमिलिओ एस्तेवेझनं दिग्दर्शित केलेल्या ‘द वे’ (२०१०) या चित्रपटात मुलगा पिरेनीजमधल्या वादळात पहिल्याच टप्प्यावर मरतो आणि त्याची राख घेऊन बाप चालू लागतो. बापाची भूमिका एस्तेवेझचे खरे वडील मार्टिन शीन यांनी केली आहे. चित्रपट पाहून कमीनोला, म्हणजे सांतियागोच्या या पायी यात्रेला, निघालेले अनेक जण भेटतात. त्यांना बापलेकांची गोष्ट लक्षात राहते, हवामान राहत नाही. वादळातल्या त्या मृत्यूची कल्पना पटकथाकाराला सहज सुचावी अशीच ती जागा आहे. ‘नेपोलियनची वाट’ म्हणून ओळखला जाणारा हा उंचावरचा रस्ता उघड्या कुरणांतून जातो. ओरिसाँचा थांबा आठ किलोमीटरवर मागे पडला की पुढे स्पेनच्या बाजूचं रोन्सेस्व्हायेस येईपर्यंत गाव नाही. धुकं उतरलं तर दहा पावलांवरची मेंढरं दिसत नाहीत, फक्त त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. खालच्या इबान्येता खिंडीतल्या देवळाची घंटा पूर्वी धुक्यात वाजवत ठेवत, वाट चुकलेल्याला दिशा कळावी म्हणून.

नवार्राच्या सरकारनं हा वरचा रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च पूर्ण बंद ठेवण्याचा नियम केला आहे. त्या काळात वाल्कार्लोसच्या दरीतून, बऱ्याच अंशी मोटाररस्त्याच्या कडेनं जावं लागतं. मात्र १ एप्रिलला फाटक उघडलं म्हणजे बर्फानं तारीख वाचली असं होत नाही. एप्रिलमध्ये इथे बर्फ पडतो, वारा माणसाला बाजूला ढकलतो. साँ-जाँमध्ये र्यू द ला सितादेल या फरसबंदी चढणीवर यात्रेकरूंचं कार्यालय आहे. तिथले स्वयंसेवक उद्याचं हवामान सांगतात आणि गरज पडली तर खालून जा म्हणतात. अशा वेळी ऐकावं. आयुष्यभर स्वप्न पाहिलेली वाट टाळावी लागते म्हणून हिरमुसणारे असतात. पण दरीतली वाटही बाराशे वर्षांच्या इतिहासातलीच आहे आणि तिच्या कडेला झाडं आहेत.

त्या रात्री रोन्सेस्व्हायेसच्या जुन्या मठात पावणेदोनशेहून जास्त खाटांची धर्मशाळा भरते. अशा मुक्कामांना स्पॅनिशमध्ये ‘आल्बेर्गे’ म्हणतात. पावसाच्या दिवशी तिथली पाहण्यासारखी जागा म्हणजे बूट ठेवायची खोली. भिजलेल्या चामड्याचा आणि लोकरीच्या मोज्यांचा वास, फळ्यांवर बुटांच्या रांगा, आणि प्रत्येक बुटाच्या तोंडातून डोकावणारा वर्तमानपत्राचा बोळा. जाणकार आधी आतला सोल काढून वेगळा उभा करतो, नाड्या सैल सोडतो, कागद चुरगळून अगदी पंज्याच्या टोकापर्यंत कोंबतो. अर्ध्या-पाऊण तासात तो बोळा लगद्यासारखा होतो. तो काढून दुसरा. झोपायच्या आधी तिसरा. नवखा माणूस बूट हीटरला चिकटवून ठेवतो, आणि सकाळी कडक झालेलं चामडं घेऊन सुटलेल्या तळव्याकडे बघत बसतो.

भिजणं या विषयात सह्याद्री फिरलेल्यांची थोडी फसगत होते. जुलैत राजगड चढताना माणूस नखशिखांत भिजतो आणि त्यातच मजा असते, कारण हवा वीस-बावीस अंशांची असते. तोच माणूस ५ अंशांत, वाऱ्यात, सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून भिजला की गोष्ट वेगळी होते. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढून घेतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की अंग गार पडण्याचा खरा धोका सुरू होतो. त्यासाठी हिमालय लागत नाही. पाऊस, वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. आधी थरथर, मग बोलण्यात जडपणा, पावलं वेडीवाकडी. थरथर थांबली की सोबत्यांना वाटतं आता बरं वाटत असेल. खरं तर तेव्हाच घाई करायची असते.

यावरचा उपाय सगळे जण सांगतात तोच आहे: थर. अंगालगत घाम पटकन सोडणारं पातळ लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं कापड, मधे ऊब देणारं फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. एक जाड कोट मात्र इथे निकामी. तो घातला की चढावर घामानं आतून भिजायचं आणि काढला की गारठायचं. मध्ययुगीन यात्रेकरू जाड लोकरीची खांद्यावरची झूल, रुंद काठाची टोपी, काठी आणि दुधी भोपळ्याचं तुंबं घेऊन निघत. त्यातली झूल म्हणजे आपल्या धनगराच्या घोंगडीची युरोपीय चुलत बहीण. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि धाग्यांच्या कुरळेपणात हवा धरून ठेवते. मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ का घेतो, याचं उत्तर आता मेरिनो लोकरीच्या महागड्या बनियनवरच्या चिठ्ठीत छापलेलं असतं.

पॉन्चो की जॅकेट, यावर मात्र कमीनोवाल्यांचे दोन पंथ आहेत आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यात वाद रंगतात. पॉन्चो म्हणजे आपल्या इरल्याची सुधारलेली आवृत्ती: माणूस, पाठीवरची पिशवी, गुडघे असं सगळं एकाच झाकणाखाली. आत हवा खेळती राहते, वजन कमी. गॅलिसियाच्या सरळ पडणाऱ्या पावसाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पाम्प्लोनानंतरच्या आल्तो देल पेर्दोन या टेकडीवर जाऊन तो घालून बघावा. तिथे पवनचक्क्यांची रांग उगाच उभी केलेली नाही. यात्रेकरूंचे पत्र्यातले पुतळे वाऱ्याकडे झुकून चाललेले दाखवले आहेत, आणि त्यांच्या शेजारी खरा यात्रेकरू पॉन्चोत अडकलेला असतो: डोकं बाहीच्या जागी, मागचा घेर शिडासारखा फुगून तोंडावर, आणि पलीकडचा कुणी अनोळखी माणूस एक टोक धरून त्याला गोल फिरवतोय. उंचीवर आणि पठारावर जॅकेट, गॅलिसियात पॉन्चो, हाच त्यातला शहाणपणाचा निवाडा. पण दोन्ही घ्यायचं तर वजन वाढतं, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. एकच घ्यायचं असेल तर वसंतासाठी जॅकेट घ्यावं. पिशवीच्या आत कचऱ्याची जाड प्लास्टिक पिशवी घालून त्यात कपडे ठेवावेत. वरून चढवायचं कव्हर वाऱ्यात उडतं, आणि पाठीच्या बाजूनं पाणी शिरतंच. जॅकेट खरंच पाणी अडवतं का, हे पुण्या-मुंबईत मार्च महिन्यात कसं तपासायचं? ते घालून न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहायचं. घरचे हसतील, पण दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही परीक्षा खरी.

पेर्दोनच्या चढावर आणि पुढे ला रिओहाच्या द्राक्षमळ्यांतून पाऊस पडून गेला की चिखल लागतो. मराठवाड्याच्या काळ्या रानातून पावसाळ्यात गेलेल्याला तो समजावून सांगायला नको. दर पावलाला बूट जड होत जातो, दहा मिनिटांत प्रत्येक पायाला किलोभर माती चिकटते आणि माणूस उंच होऊन चालू लागतो. फक्त इथली माती लालसर. पाणी न शिरणारे उंच बूट की हलके, लगेच वाळणारे बूट हा आणखी एक न मिटणारा वाद. एप्रिलच्या मध्यापर्यंत पहिले बरे, मेच्या मध्यानंतर दुसरे, असं म्हणता येईल. बूट कोणतेही असोत, भिजलेल्या मऊ कातडीला फोड लवकर येतात. त्यामुळे दुपारी थांबून मोजे बदलायचे, ओले मोजे पिशवीला टाचणीनं लटकवायचे, आणि एक जोड फक्त झोपायला कोरडा ठेवायचा. तो कितीही मोह झाला तरी चालताना घालायचा नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर वजनाचा विषय काढणं म्हणजे ताटात वाढून मग पथ्य सांगण्यासारखं आहे. पण पिशवी अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावी हा इथला रूढ दंडक, आणि हवामानाच्या भीतीनं तोच सगळ्यात आधी मोडतो. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. त्यात झोपायची पिशवी, एक जास्तीचा जोड, पावसाळी सामान आणि पाणी. ‘असू दे, लागलं तर’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू गुडघ्यांना लागते. वसंतात झोपायच्या पिशवीबद्दल मात्र कंजुषी नको. पुष्कळ आल्बेर्गेंत पांघरुणं असतात, सगळीकडे नसतात, आणि दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत एप्रिलची रात्र हिवाळ्याचीच असते. एक सोय उपयोगाची: स्पेनचं टपाल खातं, कोर्रेओस, यात्रेकरूंच्या पिशव्या मुक्कामाहून मुक्कामाला पोहोचवतं आणि नको असलेलं सामान पुढे सांतियागोला पाठवून सांभाळूनही ठेवतं.

बुर्गोसला पोहोचेपर्यंत माणूस पावसाला सरावतो, आणि मग मेसेता सुरू होतं. कास्तीलमध्ये म्हणतात, इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. वसंत म्हणजे या दोघांच्या मधली फट. बुर्गोसला एप्रिलमध्ये पहाटे सरासरी ३-४ अंश आणि दुपारी १५च्या आसपास. सकाळी हातमोजे, दुपारी बाह्या वर. मेमध्ये दोन्ही बाजूंना हिरव्या गव्हाचा समुद्र, बांधावर लाल पॉपी, चर्चच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची काटक्यांची प्रचंड घरटी. आणि सावली नाही. कारिओन दे लोस कोन्देसपासून काल्झादिया दे ला क्वेझापर्यंत १७ किलोमीटरमध्ये गाव नाही. जुन्या रोमन रस्त्यावरून सरळ रेषेत चालत राहायचं, पाणी आणि खाणं आधीच भरून घ्यायचं.

ऊन इथे गंमत करतं. वाट पश्चिमेला, सूर्य दक्षिणेकडून. त्यामुळे पाचेक तास रोज डाव्या अंगाला ऊन. हवा थंड असल्यानं भाजतंय ते कळत नाही. लेओनला पोहोचलेल्यांच्या पोटऱ्या पाहिल्या तर डावी तांबूस, उजवी गोरी. आपल्या कातडीला हे चालतं असं समजणाऱ्या सावळ्या माणसाचाही डावा कान सोलतो. दुसरी गंमत घड्याळाची. स्पेन १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतो, त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे आणखी तासभर पुढे. परिणामी मे महिन्यात सांतियागोत सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी अडीचच्या सुमारास. म्हणजे ‘दुपारचं ऊन टाळून चाला’ हा सल्ला ऐकून बारा वाजता थांबणारा माणूस खरं तर सकाळीच थांबलेला असतो. तापायचं असेल तर चार-पाचला तापतं, आणि मेमधल्या गडगडाटी सरीही बहुधा दुपार कलल्यावर येतात. उलट, एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी सातला अजून अंधार, तेव्हा डोक्याला बांधायची छोटी बॅटरी हवीच.

किती टोकांसाठी तयारी करायची याचा अंदाज घ्यायला एप्रिलचा शेवटचा आठवडा पुरे. २०१७ साली २८ एप्रिलच्या पहाटे कडाक्याचं दहिवर पडलं आणि ला रिओहा आणि बिएर्सोतले द्राक्षमळे, म्हणजे थेट या वाटेवरचे मळे, कोवळ्या फुटीसकट जळाले. २०२३ साली २७ एप्रिलला कोर्दोबात ३८.८ अंश नोंदले गेले. स्पेनच्या मुख्य भूमीवरचा एप्रिलमधला तो विक्रम. कोर्दोबा फ्रेंच वाटेवर नाही, पण दक्षिणेकडून येणारी मोसाराबे वाट तिथूनच जाते. आणि २०२५च्या २८ एप्रिलला हवामान उत्तम होतं, तर स्पेन-पोर्तुगालची वीजच गेली. कार्ड चालेना, फोन लागेना. हवामानाचं ॲप, नकाशाचं ॲप, जागेचं आरक्षण असं सगळं एका यंत्रात ठेवणाऱ्यांनी त्या दिवशी खिशात रोख किती आहे ते मोजलं. कागदावरची यादी आणि पन्नास-शंभर युरोच्या नोटा हीदेखील हवामानाचीच तयारी धरावी. वादळातही हेच होऊ शकतं.

त्याच २०२५च्या मार्चमध्ये याना, कॉनराड, लॉरेन्स आणि मार्तिन्यो अशी चार वादळं स्पेनवर लागोपाठ आली. अशा महिन्यात सेविलेकडून उत्तरेला येणाऱ्या व्हिया दे ला प्लाताचे ओढे ओलांडता येत नाहीत, एरवी ती वाट उन्हाळा लागायच्या आत, मार्च-एप्रिलमध्येच करावी अशी. ओव्हिएदोहून निघणाऱ्या ‘प्रिमितिव्हो’ वाटेवर ‘ओस्पितालेस’ नावाचा उंच, निवारा नसलेला टप्पा आहे. धुकं असेल तर खालून जावं. पोर्तोहून येणारी वाट सगळ्यांत सौम्य, पाऊस मात्र तिथेही.

अंदाज कुठे पाहायचा हा प्रश्न सोपा आहे. स्पेनची सरकारी हवामान संस्था आएमेत पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते, गॅलिसियासाठी मेतेओगॅलिसिया. फोनमधलं साधं ॲप खालच्या गावाचं तापमान दाखवतं, घाटाचं नाही, एवढं ध्यानात ठेवावं. संध्याकाळी आल्बेर्गेच्या ‘ओस्पितालेरो’ला, म्हणजे तिथल्या सेवेकऱ्याला विचारणं याहून भरवशाचं.

खरा प्रश्न आहे तो अंदाज कळल्यावर थांबायची मोकळीक आहे का हा. इथेच बहुतेकांची तयारी तोकडी पडते. सगळं सामान बरोबर असतं, पण ३३ दिवसांचं वेळापत्रक, ३३ आरक्षणं आणि परतीचं न बदलणारं तिकीट. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी असा माणूस खिंड चढतो तो हौसेनं नव्हे, पुढच्या गावातली खाट वाया जाऊ नये म्हणून. भारतातून जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाची सोय दाखवावी लागते, आणि रजा मोजूनमापून मिळालेली असते. यातून वाट काढायची तर रद्द करता येणारी आरक्षणं घ्यावीत आणि एकूण दिवसांत तीन-चार दिवस कोरे सोडावेत. अंतरच कापायचं असेल तर मधला टप्पा बसनं करावा. प्रमाणपत्रासाठी पायी शेवटचे १०० किलोमीटर पुरतात, म्हणून तर एवढे लोक सारिया या गावापासून निघतात. महागड्या जॅकेटपेक्षा हे कोरे दिवस जास्त कामाचे.

पंचांगाकडेही पाहावं लागतं. ईस्टर आपल्या सणांसारखाच चंद्राच्या हिशेबानं सरकतो: २०२५ला २० एप्रिल, २०२६ला ५ एप्रिल, २०२७ला २८ मार्च. त्या पवित्र आठवड्यात सारा स्पेन सुट्टीवर असतो, खाटा मिळणं कठीण. त्याच्या आधी गेलं तर अनेक खासगी आल्बेर्गे अजून उघडलेलीच नसतात, त्यामुळे दोन मुक्कामांमधलं अंतर पावसात आपोआप वाढतं. त्यात २०२७ हे पवित्र वर्ष आहे, कारण २५ जुलै हा संत जेम्सचा दिवस त्या साली रविवारी येतो. म्हणजे गर्दी नेहमीहून अधिक.

वसंताची एक बारीकशी भेट झाडांवरून उतरते. पाइनच्या रानांत केसाळ अळ्यांच्या लांबच लांब रांगा एकीच्या मागे एक अशा जमिनीवरून चाललेल्या दिसतात, अगदी दिंडीसारख्या. फोटोचा मोह आवरून लांबून जावं. त्यांचे केस कातडीला आणि डोळ्यांना वाईट लागतात.

गॅलिसियातल्या पावसाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. सांतियागोत वर्षाला सुमारे १,८०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे पुण्याच्या दुपटीहून जास्त, आणि तोही चार महिन्यांत उरकून न टाकता वर्षभर पुरवून पुरवून. वळवासारखा धसमुसळा नव्हे. ‘ओर्बायो’ नावाची एक भुरभुर असते, पडतेय की हवेतच लटकलीय ते कळत नाही, आणि तासाभरानं बाही पिळावी लागते. इथल्या भाषेत पावसाच्या तऱ्हांना शब्द भरपूर आहेत. सांतियागोच्या जुन्या रस्त्यांना दगडी कमानींचे छत असलेले पदपथ आहेत, ते उगाच नाहीत.

पण गॅलिसियाच्या आधी एक उतार लागतो. क्रूझ दे फेर्रोच्या माथ्यावर मेच्या सुरुवातीलाही बोटं बधीर होतात. तिथून एल असेबोमार्गे पाटीसारख्या निसरड्या दगडांवरून मोलिनासेकाला उतरायचं, जवळपास नऊशे मीटर खाली. दुपारपर्यंत बिएर्सोच्या खोऱ्यात पोहोचलं की हवाच पालटते. चेरीची झाडं, नदीच्या पुलाखाली पाण्यात पाय सोडून बसलेले लोक, थंड बिअर. वाटेवरच्या बऱ्याच आल्बेर्गेंत दाराशी एक खोकं असतं, नको असलेलं टाका, हवं ते घ्या. या उतारानंतरच्या गावांत ते काठोकाठ भरतं. लोकरीच्या टोप्या, गळपट्टे, आणि मुख्य म्हणजे हातमोजे. कुणाचे एकच, कुणाचे नवेकोरे, दुकानाची दोरी अजून तशीच. टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्याचा आनंद असतो. ओ सेब्रेइरोचा घाट तिथून साधारण साठ किलोमीटरवर, तीन दिवसांच्या चालीवर आहे, आणि ९ जूनला अजून महिना असतो.